पडद्यावरचा पाठमोरा

५ जानेवारी

आलो एकदाचा लेकीकडे. सामान म्हणजे एक बॅग, माझी उशी (परक्या उशीवर मला झोप लागत नाही) आणि शाळेतल्या कवितांच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा. तो चौथ्या मजल्यावर चढवताना जावयाने दम खात विचारलं, बाबा, यात विटा भरल्यात का? म्हटलं, विटाच आहेत, माझं सगळं आयुष्य त्यांच्यावर उभं आहे. तो हसला, पण पुढचा जिना त्याने खांदा बदलून काढला.

खोली छान आहे. खिडकीतून डोळ्यांच्या हॉस्पिटलची मागची बाजू दिसते. गच्चीवर धुतलेल्या चादरी वाळत असतात. शेजारी चष्म्याचं दुकान, त्याच्या पाटीवर माणसाएवढा डोळा रंगवलाय. खोलीत कुठेही उभं राहा, तो आपल्याकडेच बघतो. नातीने मला धीर दिला, म्हणाली, आजोबा, घाबरू नका, तो खोटा आहे.

नात तिसरीत आहे. एका जागी ठरणं तिला माहीत नाही, म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. तिने तिच्या कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दिला आणि अट घातली, तिचं गणित चालू असताना गुणगुणायचं नाही. मान्य केली. असे कडक शिक्षक हल्ली राहिलेत कुठे?

येण्याचं कारणही मांडून ठेवतो. डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली गाठ आहे. कॅन्सरची. लेक तो शब्द टाळते, ‘ते’ म्हणते. मी जन्मभर भाषा शिकवली, शब्दाला काय भ्यायचं! भीती वेगळी आहे. माझा उजवा डोळा लहानपणापासून मंद. त्याला माणसं कळतात, अक्षरं कळत नाहीत. वाचायचा तो डावाच, आणि तोही आता मान जरा तिरकी केल्यावर. तो गेला तर त्या गठ्ठ्यात खरंच विटा उरतील.

९ जानेवारी

आज डोळ्याच्या आतला फोटो निघाला. उपचाराआधीचा हा पहिला फोटो, पुढचे सगळे याच्याशी ताडून बघायचे.

फोटो काढणाऱ्या बाई दिवसभर एकच पालुपद म्हणत असतात. हनुवटी वर, कपाळ टेकवा, हलू नका. त्याला चांगला ताल आहे. सुट्टी म्हणून खारूताई बरोबर आली होती, तिने तिथल्या तिथे नाव ठेवलं, हनुवटीबाई. बाईंच्या कानावर गेलंच. म्हणाल्या, चालेल, सासूने ठेवलेल्या नावापेक्षा बरं आहे.

यंत्रात एक हिरवा ठिपका असतो. त्याच्यावर नजर खिळवायची, मग लख्ख उजेड पडतो. पण माझी गाठ नेमकी मध्याजवळ, डाव्या डोळ्याला ठिपका सापडेना. अशा वेळी मोकळ्या डोळ्याने बाहेरचं काहीतरी बघत राहायचं. एक डोळा स्थिरावला की दुसराही त्याच्याबरोबर स्थिरावतो. त्यासाठी वाकणाऱ्या दांडीवर एक बारका दिवा लावलेला असतो. आता दिवा दिसला की मला कुठली कुठली कडवी आठवतात, आणि नजर जाते त्यांच्या मागे. फोटो पुसट, पुन्हा पुसट. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्या, एवढं बरं.

शेवटी एक जमला. डॉक्टरांनी पडद्यावर मोठा करून दाखवला. मी तर बघतच राहिलो. संध्याकाळचं नारिंगी माळरान, आणि त्यातून फाटे फुटत गेलेल्या लाल नद्या. डॉक्टर म्हणाले, या रक्तवाहिन्या. माझ्या मते नद्याच. आणि मोठ्या नदीच्या फाट्यापाशी ती करडी गाठ. डॉक्टर म्हणाले, यात प्रत्येकाला काहीतरी दिसतंच, एका आजींना त्यांचा बोका दिसला होता. मला दिसला काठावर बसलेला एक माणूस. पाठमोरा. डॉक्टरांना गंमत वाटली. म्हणाले, गुरुजी, तो भाडेकरू समजा, नोटीस बजावू आणि जागा खाली करून घेऊ.

२८ जानेवारी

किरणोत्सर्गी चकती डोळ्याला टाचून ठेवली होती, ती काढली. चकती असेपर्यंत वेगळ्या खोलीत होतो. जवळ कुणी येऊ शकत नव्हतं. खारूताई दाराच्या काचेला नाक चपटं करून उभी राहायची आणि बाहेरूनच वाकुल्या दाखवायची.

एकट्याला चौथीतले गुरुजी फार आठवले. कोटाच्या कोपराला ठिगळ, आणि खिशात स्वतः रचलेल्या कविता. त्यांची एक मी दरवर्षी वर्गात म्हणायचो, म्हणजे तिची पहिली ओळ.

नदी म्हणाली, निघते मी रे. काठ म्हणाला, थांब जरा,

दुसरी कधी कुणापुढे म्हटली नाही. म्हणायला गेलं की मी वर्गाकडे पाठ करून फळा पुसायला घ्यायचो. कागदापुढे कसली लाज, इथे लिहितो.

जाशिल तेथुन वळून बघ ना, एकदाच गं, माघारा.

मनातल्या मनात म्हटली की अजूनही जीव शांत होतो.

६ मार्च

चकतीनंतरचा पहिला फोटो. नजर नेहमीसारखी दिव्यावरून पळाली. बाहेर रांग खोळंबलेली. हनुवटीबाईंना एक युक्ती सुचली. दिवा बाजूला सारला आणि त्याच्या जागी खारूताईला स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, काका, हिच्या नाकाच्या शेंड्याकडे बघा, बघू कसे भरकटता. खरंच की, नातीवरून कुणाची नजर हटते? आयुष्यात पहिल्यांदा तीही खांबासारखी बसली. मी मनात ती कविता म्हणत राहिलो, दोन्ही ओळी. उजेड पडला. फोटो असा स्वच्छ, की बाईंनी शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून दाखवला. आता दर वेळी नातीला आणा, म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो एकावर एक ठेवले. नद्यांचे फाटे फाट्यांवर जुळवले आणि एक बटण दाबत राहिले. जुना, नवा, जुना, नवा. नद्या जागच्या जागी, हलतं ते तेवढंच बदललेलं. नद्यांची ही नक्षी बोटाच्या ठशासारखी असते म्हणे, एका डोळ्याची दुसऱ्या डोळ्याशी कधी जुळत नाही. आणि गाठ आकसली होती! लेकीने माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. भाडेकरूने बिऱ्हाड आवरायला घेतलंय, डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन गठ्ठा सोडला. पहिलंच पान वाचताना अक्षरं भिजली.

१९ एप्रिल

दुसरा फोटो. खारूताई स्टुलावर, मी तिच्या नाकावर. गाठ आणखी लहान. सगळे खूश.

मीही खूशच होतो. पण डॉक्टर बटण दाबत असताना मला काहीतरी दिसलं आणि तेव्हापासून चैन नाही. जुना, नवा, जुना, नवा. जुन्यात तो बसलेला होता. नव्यात उभा आहे. तो आकसलेला नाही. तो लांब गेलाय. नदीकाठाने चालत, आमच्याकडे पाठ करून, पुढच्या फाट्याकडे. लांब गेलेला माणूस लहानच दिसतो.

डॉक्टरांना विचारलं, हा जाणार कुठे? ते म्हणाले, कुठे जायचंय गुरुजी, विरघळेल.

संध्याकाळभर खोलीत येरझारा घातल्या. लेक म्हणाली, बाबा, चांगली बातमी आलीये तर तुम्हाला हे काय झालंय?

३ मे

खारूताई पुस्तक वाचताना मान तिरकी करते. डावीकडे कलवून, हनुवटी किंचित वर. माझी लकब. लेक हसून म्हणाली, आजोबांची नक्कल करायला शिकली, दोघं एका माळेचे मणी. जावई म्हणाला, फी न भरता शिकवणी लागली.

मीही हसलो. मग मुलगी खाली खेळायला गेली आणि मी खिडकीतून पाहत राहिलो. तिथे नक्कल कुणाला दाखवायची होती? तरी चेंडूकडे बघताना तिची मान तिरकीच होती.

११ मे

आज गणित करता करता ती गुणगुणत होती. मी अट आठवून चिडवणार, तोच शब्द कानावर आले. वळून बघ ना, एकदाच गं, माघारा.

पहिली ओळ नाही. दुसरीच.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, कुठे शिकलीस? तिने पेन्सिल चावत सांगितलं, कुठे नाही, तो म्हणतो. कोण तो? ती म्हणाली, तोच, पाठ करून बसतो तो. डोळे मिटले की दिसतो, लांब आहे अजून.

मग तिने विचारलं, सात पाचे पस्तीस ना? मी हो म्हटलं. पुढचं गणित मीच तिच्या वहीत मांडून दिलं.

१२ मे

ती माझी रोजनिशी वाचत असेल का? ही असते उशीच्या अभ्र्यात, आणि माझं अक्षर तिला लागत नाही, कोळ्याचं जाळं म्हणते त्याला. झोपेत बोललो असेन? असेन. असेनच. घरात बसवेना. हॉस्पिटलला तीन फेऱ्या मारून आलो. दुकानावरचा तो डोळा तीनही वेळा माझ्याकडे बघत होता.

२ जून

आज सांगून टाकलं, नातीला स्टुलावर बसवायचं नाही, दिवा लावा. हनुवटीबाई म्हणाल्या, काका, त्या दिव्याने तुमचा फोटो जन्मात यायचा नाही. लेकीने डोळे वटारले, तिने त्यासाठी रजा काढली होती. मी अडून राहिलो. दिवा लावला. मी दिव्याकडे बघू लागलो. शपथेवर सांगतो, मी दिव्याकडेच बघत होतो. पण खारूताई हळूच दिव्यामागे येऊन उभी राहिली. मदत करायला. तिचं नाक दिव्याच्या बरोबर वर. नजर मी वळवली नाही. ती आपोआप चढली. ओळ मनात आधीच सुरू झालेली.

उजेड.

फोटो उत्तम आला. गाठीच्या जागी फिकट डाग. डॉक्टरांनी हात मिळवला. जागा खाली झाली, गुरुजी.

माळरान मोकळं. काठावर कुणी नाही. मी बघत होतो खारूताईकडे. ती डावा डोळा चोळत होती.

९ जून

दाराच्या चौकटीला आपटली. डावीकडून. नुकत्याच उघडलेल्या शाळेतून वर्गशिक्षिकेचा निरोप आला, फळा वाचताना डोकं वाकडं करते, डोळे तपासून घ्या. जावई म्हणतो चष्मा लागेल, खेळताना फुटेल, मजबूत घ्यावा लागेल. लेकीने लगेच हॉस्पिटलची वेळ घेतली. रुग्णाची मुलगी म्हणून इतकं काही पाहिलंय तिने.

मला माझं पान आता स्वच्छ दिसतं. मान सरळ ठेवून वाचता येतं. वाचवत नाही.

१४ जून

तिचा फोटो काढला. मी बाहेर थांबलो, दारात. आतून आवाज आला, हनुवटी वर, हलू नकोस. मग हनुवटीबाई बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर रागावले. म्हणाले, हा गुरुजींचा फोटो आहे, जानेवारीतला, मुलीच्या नावाखाली कसा उघडला? बाई म्हणाल्या, आत्ता काढलाय. डॉक्टरांनी दोन्ही एकावर एक ठेवले. बटण दाबलं. दाबलं. दाबलं.

एकही फाटा हलला नाही.

नद्या त्याच. फाटा तोच. माझ्याच नद्या, तिच्या डोळ्यात. फक्त काठावरचा आता पाठमोरा नाही. तोंड इकडे. चालत येतोय.

१५ जून

पुन्हा काढला. दुसऱ्या यंत्रावर. तसाच. तो जवळ आलाय. डॉक्टर त्याला गाठ वाढली म्हणतात. इतक्या लहान मुलीत अशी गाठ त्यांनी पाहिलेली नाही, इतकी भराभर वाढलेलीही नाही. थांबता येणार नाही. डोळा काढावा लागेल. सोमवारी.

लेक जिन्यात बसली. वर आलीच नाही.

१६ जून

लेकीला सगळं सांगितलं. तो कसा निघाला, कुणाच्या नजरेतून गेला, कुणाच्या ओळीवर. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, माझ्या मुलीचा डोळा काढणारेत. मला आत्ता कविता नको.”

खरं आहे तिचं.

जावयाने मला पाणी आणून दिलं आणि दार ओढून घेतलं.

१७ जून

येरझारा. दार, खिडकी, दार.

डोळा काढला तरी तो जाईल का? एका घरातून उठवलेला दुसरं बघतो — मी त्याला हेच तर शिकवलं. तिच्या उजव्या डोळ्यात जाईल. लेकीच्या. ती तिला कुशीत घेऊन तिच्याकडेच बघत बसलेली असते, दिवसभर —

गेला कसा, ते ठाऊक आहे. फोटो माझा, आणि समोर ती.

मग फोटो तिचा —

आणि समोर मी.

२० जून, सकाळ

शस्त्रक्रियेआधी आज शेवटचे फोटो. ती घाबरलीये, हलणार, रडणार. हनुवटीबाईंना गाठून म्हटलं, माझ्या वेळी ती बसली होती, तिच्या वेळी मला बसवा. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, बसा काका, तुम्हाला बघून ती शांत राहील.

खारूताईला कानात सांगितलं, माझ्याकडे बघायचं आणि तो म्हणतो ती ओळ मनात म्हणायची. तिने विचारलं, तुम्हाला दुखेल का? म्हटलं, छे.

२० जून, दुपार

झालं.

स्टूल लहान होतं, गुडघे दुखले. ती माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. बाईंनी फोटो काढला, मग आणखी, मग आणखी. चौथ्याला त्यांचा हात थांबला.

डॉक्टर धावत आले. बटण. पहिला, दुसरा, तिसरा. तो आकसत गेला. मला दिसलं — तो वळला. पाठ केली. चालत गेला. चौथ्यात माळरान मोकळं. नद्यासुद्धा निराळ्या. तिच्या तिच्या. कोवळ्या, बारीक.

कुणालाच काही कळेना. यंत्राचा दोष म्हणाले, पुन्हा बघू म्हणाले, शस्त्रक्रिया रद्द म्हणाले. लेक हसत होती आणि रडत होती. जावयाने खारूताईला खांद्यावर घेतलं.

माझा फोटो कुणी काढला नाही. कशाला काढतील? मी बरा झालेला.

२१ जून

खारूताई सरळ मानेने वाचते. मोठ्याने. शेजारच्या खोलीतून ऐकतोय. किती गोड.

मला पानाच्या मधोमध करडं दिसतं. बाजूबाजूने लिहितोय. चालेल. जुना रहिवासी आहे.

पण तो पाठ करून बसलेला नाही.

२२ जून

डोळे मिटले की जवळ येतो. उघडे ठेवतो. भिंतीकडे बघतो. भिंतीला चेहरा नाही, तिथे त्याला जायला वाट नाही.

चेहऱ्याकडे बघायचं नाही. कुणाच्याच. लेक डोळ्यात थेंब घालायला आली, मी तोंड फिरवलं. तिला वाटलं, त्या दिवशीच्या बोलण्याचा राग आहे. पाय धरायला वाकली. मी वर बघितलं नाही — बघता आलं नाही — सांगताही आलं नाही. गेली.

त्याला इथे राहायचं नाही. बाहेर राहून आलाय. आठ वर्षांच्या डोळ्यातून जग पाहून आलाय. आता या जुन्या घरात त्याचं मन कसं रमेल —

२३ जून

दुकानावरच्या डोळ्याकडे बघून पाहिलं. दोन तास. तो खोटा आहे. चालत नाही त्याला.

पट्टी बांधली. लेकीने सोडली. डॉक्टरांनी उजेड लागू द्या म्हटलंय, म्हणाली.

ओळ आपोआप सुरू होते. मी म्हणत नाही. तो म्हणतो. पहिली नाही. दुसरीच.

२४ जून

मोठ्या अक्षरात लिहितो. ओळीवर ओळ चढत असेल. कागदावर नजर असली की बरं. कागदावर असू दे.

खारूताई दाराशी. रुसलीये. आजोबा माझ्याशी बोलत नाहीत, बघत नाहीत, असं आईला सांगत होती. लेक म्हणाली, जा, जाऊन बस त्यांच्याजवळ. अगं, पाठवू नकोस —

आली.

मी म्हटलं, जा, गणित कर. मान वर केली नाही. ती म्हणते, झालं. म्हणते, मी वाचून दाखवू? वाच, म्हटलं, तिकडे तोंड करून वाच. ती म्हणते, नको, आधी खेळू. मी हनुवटीबाई, तुम्ही काका.

तिचे पाय दिसतात. पायांना चेहरा नाही. पायांकडे बघ. कागदाकडे बघ. लिहीत राहा.

स्टूल ओढलं. समोर बसली. तिचा श्वास हातावर —

बोटं. गार, छोटी. माझ्या हनुवटीखाली.

“हनुवटी वर, आजोबा. हलायचं ना